समुद्राकाठी राहायला जाताय? वादळ आणि भूकंप, दोन्हींचा धोका घर ठरवायच्या आधी कसा जोखायचा

समुद्राजवळ शिफ्ट व्हायचं ठरलं की बहुतेक जण पहिला प्रश्न हाच विचारतात, की वादळाचा किनारा परवडला की भूकंपाचा? प्रश्न समजण्यासारखा आहे, पण त्याच्या उत्तरातून हाती फार काही लागत नाही, कारण एकाच शहरात, कधी कधी तर एकाच रस्त्यावर, दोन घरांच्या धोक्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. जागा समुद्रसपाटीपासून किती उंच आहे, खाली खडक आहे की भराव, बिल्डिंग कधी आणि कशी बांधली, आणि वेळ आली तर तिथून निघता येतं का, या चार गोष्टी आधी बघायच्या, शहराचं नाव त्यानंतर. खाली मी साधारण त्याच क्रमाने लिहितोय. जिथे लोक हमखास फसतात तिथे जरा जास्त थांबलोय, बाकीचं पटपट.

१. हे दोन धोके वेगळे कसे, ते आधी पक्कं करून घ्या

हरिकेन, टायफून, चक्रीवादळ हे सगळं एकच, फक्त समुद्र बदलला की नाव बदलतं. वादळाला सीझन असतो. अटलांटिकमध्ये १ जून ते ३० नोव्हेंबर धरतात, बंगालच्या उपसागरात मान्सूनच्या आधी आणि मान्सूननंतर असे दोन काळ असतात. वादळ कुठे चाललंय ते साधारण दोन-चार दिवस आधी कळतं, म्हणजे खिडक्या बंद करून, कागदपत्रं घेऊन निघायला वेळ मिळतो. भूकंपाचं तसं काहीच नाही. जपान, मेक्सिको, अमेरिकेचा पश्चिम किनारा इथे भूकंपाची अलर्ट सिस्टीम आहे, पण ती हादरा सुरू झाल्यावर काम करते, हातात काही सेकंद येतात, फार तर एखादा मिनिट. टेबलाखाली शिरायला तेवढे पुरतात, सातव्या मजल्यावरून खाली यायला पुरत नाहीत.

म्हणून वादळात जीव वाचतो तो वेळेत निघून गेल्याने, आणि भूकंपात वाचतो तो त्या क्षणी आपण ज्या बिल्डिंगमध्ये आहोत ती उभी राहिल्याने. हे नुसतं म्हणायला म्हणत नाहीये. ओडिशात १९९९ च्या सुपर सायक्लोनमध्ये सुमारे १०,००० माणसं गेली, आणि २०१३ ला फायलीन त्याच किनाऱ्यावर आलं तेव्हा लाखो लोकांना आधीच हलवलं होतं, मृतांचा आकडा काही डझनांवर थांबला. भूकंपाचं बघायचं तर २०१० हे एकच वर्ष घ्या. हैतीत ७.० चा भूकंप झाला आणि लाखाच्या वर माणसं गेली, पुढच्याच महिन्यात चिलीत ८.८ चा झाला, ऊर्जेच्या हिशोबाने जवळपास ५०० पट मोठा, आणि तिथे मृतांचा आकडा साधारण ५०० च्या आसपास राहिला. हैतीचा भूकंप राजधानीला अगदी खेटून होता हे खरं, पण मुख्य फरक बांधकामाचा होता, चिलीने १९६० च्या ९.५ च्या भूकंपापासून धडे घेत नियम कडक केले होते आणि ते पाळलेही जात होते.

एक सावधगिरी. वादळाची पूर्वसूचना मिळतेच असं गृहीत धरून बसू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये ओटिस नावाचं वादळ एका दिवसाच्या आत साध्या ट्रॉपिकल स्टॉर्मचं कॅटेगरी ५, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीचं झालं आणि मेक्सिकोच्या अकापुल्कोवर आदळलं, लोकांना तयारीला जवळजवळ वेळच मिळाला नाही. आणि याच अकापुल्कोजवळ २०२१ च्या सप्टेंबरमध्ये ७.० चा भूकंपही होऊन गेला होता. म्हणजे वादळ किंवा भूकंप यातलं एकच निवडायचं असतं असंही नाही, जपान, तैवान, फिलिपिन्स, पोर्तो रिको, मेक्सिकोचा पॅसिफिक किनारा, कच्छ, इथे दोन्ही आहेत.

२. किती वर्षं राहणार, त्यावर गणित मांडा

"शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर" असं वाचलं की माणूस निवांत होतो. त्याचा अर्थ इतकाच की दर वर्षी १ टक्का शक्यता. ३० वर्षांचं होम लोन घेऊन तुम्ही तिथे राहिलात तर त्या काळात तो पूर एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के होते, म्हणजे चारात एक. दर वर्षी २ टक्के असेल तर ३० वर्षांत ४५ टक्के, आणि साधारण २५ वर्षांतून एकदा असेल तर ७० च्या पुढे. भूकंपाचे नकाशे बऱ्याचदा "५० वर्षांत १० टक्के" या भाषेत असतात, तो साधारण ४७५ वर्षांतून एकदा येणारा हादरा, आणि ३० वर्षांत त्याची शक्यता साधारण ६ टक्के.

आता ६ आणि २६ बघून भूकंपवाली जागा बरी असं लगेच ठरवू नका. २६ टक्क्यांच्या पुरात तुम्ही आधी निघून गेला असाल तर फर्निचर, वायरिंग, गाडी जाईल, मनस्ताप होईल, पण घरचे सुखरूप असतील. ६ टक्क्यांच्या भूकंपात बिल्डिंग कच्ची असेल तर रात्री तीन वाजता झोपेत असताना काय होईल, तो विचार वेगळा करायला हवा. शक्यता एका रकान्यात लिहा, झालंच तर काय जाईल ते दुसऱ्या रकान्यात, आणि दोन्ही समोर ठेवून बोला.

भाड्याने दोन-तीन वर्षांसाठी जाणाऱ्यांचं गणित वेगळं असतं. त्यांना पुराची शक्यता थोडी जास्त चालून जाते कारण घर त्यांचं नाही, पण बिल्डिंग पडणार नाही एवढं मात्र त्यांनीही बघायलाच हवं, त्यात भाडेकरू आणि मालक असा फरक नसतो.

३. नकाशे काढा, एक नाही, चार-पाच

लोक एक भूकंपाचा झोनवाला नकाशा बघतात आणि थांबतात. तो खूप ढोबळ असतो, अख्खा जिल्हा एका रंगात. तुम्हाला लागतील ते नकाशे म्हणजे पुराचा, वादळात समुद्राचं पाणी कुठवर चढेल त्याचा, त्सुनामी इव्हॅक्युएशनचा, भूकंपाचा आणि जमीन लिक्विफाय होण्याचा, म्हणजे हादऱ्यात पातळ होण्याचा. सगळे सगळीकडे मिळत नाहीत. जपानमध्ये महापालिका हॅझर्ड मॅप देतात, अमेरिकेत फेमा या सरकारी आपत्ती यंत्रणेचे फ्लड मॅप पत्त्यावरून शोधता येतात, बाकी ठिकाणी आपत्ती व्यवस्थापन विभाग, जिऑलॉजिकल सर्व्हे किंवा नगररचना ऑफिसात चौकशी करावी लागते.

इतिहास मात्र जगभरचा फुकट मिळतो. यूएसजीएस या अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या साइटवर कुठल्याही ठिकाणाभोवती वर्तुळ काढून आजवरचे नोंदलेले भूकंप बघता येतात, आणि नोआ या तिथल्याच समुद्र-हवामान संस्थेच्या साइटवर जुन्या वादळांचे मार्ग. तुमच्या जागेभोवती शे-दोनशे किलोमीटर घ्या आणि शंभर वर्षांचा डेटा बघा. पण भूकंपाच्या बाबतीत शंभर वर्षं ही फारच थोडी. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या कॅस्केडिया भागात शेवटचा महाभूकंप २६ जानेवारी १७०० ला झाला, साधारण ९ चा, आणि त्याची तारीख कळली ती जपानमधल्या त्सुनामीच्या जुन्या नोंदींवरून. त्यानंतर तिथे तसा झालेलाच नाही. गेल्या शंभर वर्षांचीच यादी बघितली तर तो किनारा या बाबतीत शांत वाटेल, प्रत्यक्षात तो जगातल्या सगळ्यात मोठ्या धोक्यांपैकी एक आहे.

४. वादळ बघताना वारा नंतर, पाणी आधी

हा भाग नीट वाचा, कारण इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

कॅटेगरी १ ते ५ ही जी मोजणी आहे ती फक्त वाऱ्याच्या वेगाची आहे, कॅटेगरी १ ताशी ११९ किमीपासून आणि ५ ताशी २५२ किमीपासून. समुद्र किती चढेल, पाऊस किती पडेल, याचा तिच्यात काही पत्ता नाही. अमेरिकेत १९६३ ते २०१२ या ५० वर्षांतले वादळांचे थेट मृत्यू तपासले तेव्हा १० पैकी जवळपास ९ पाण्यामुळे निघाले, आणि निम्मे फक्त समुद्राच्या चढलेल्या पाण्यामुळे, म्हणजे ज्याला स्टॉर्म सर्ज म्हणतात त्याने. २००८ चं आइक फक्त कॅटेगरी २ होतं पण टेक्सासच्या बोलिव्हर द्वीपकल्पावर साडेचार ते सहा मीटर पाणी आलं, घरांच्या रांगाच्या रांगा नाहीशा झाल्या. २०१२ चं सँडी किनाऱ्यावर आलं तेव्हा तांत्रिकदृष्ट्या हरिकेन उरलंही नव्हतं, तरी न्यूयॉर्कच्या सबवेत समुद्र शिरला.

म्हणून जागेबद्दल हे विचारा. समोरचा समुद्र उथळ आहे की लगेच खोल होतो? उथळ असेल तर पाणी जास्त चढतं, बंगालच्या उपसागराच्या उत्तर टोकाला आणि मेक्सिकोच्या आखातात म्हणूनच इतका त्रास होतो. किनारा बशीसारखा आत वळलेला आहे का, तिथे पाणी कोंडतं. घर समुद्रापासून लांब आहे पण खाडी किंवा नदीच्या काठी आहे का? कारण सर्ज खाडीतून मैलोनमैल आत येतो आणि "आम्ही बीचपासून पाच किलोमीटर लांब आहोत" या समाधानाला तिथे काही अर्थ राहत नाही. खारफुटी किंवा वाळूचे उंच ढिगारे समोर असतील तर थोडा आधार मिळतो, पण ते कापून प्लॉट पाडले असतील तर तो आधार गेला.

पाऊस वेगळाच. २०१७ च्या हार्वेने टेक्सासमध्ये काही ठिकाणी १,५०० मिमीच्या वर पाऊस पाडला, आणि २०२४ च्या हेलेनने किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत, नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगराळ भागात सगळ्यात मोठा विध्वंस केला.

उंची तपासताना मोबाइलच्या जीपीएसवर विसंबू नका, त्याची उंची कित्येक मीटर चुकते. उपग्रहावरून बनवलेले फुकट नकाशेसुद्धा कधी कधी झाडांचे शेंडे आणि छपरं हीच जमीन समजतात आणि जागा आहे त्यापेक्षा उंच दाखवतात. सर्व्हेयरकडून प्लिंथची लेव्हल समुद्रसपाटीच्या संदर्भाने लेखी घ्या, घर विकत घेताय ना, मग हा खर्च करायलाच हवा.

आणि जागा बघायला उधाणाच्या भरतीला जा, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, शक्यतो पाऊस पडत असताना. गटारातून पाणी उलटं येतंय का बघा. कंपाउंडच्या भिंतीवर एका सरळ रेषेत डाग आहेत का, आसपासच्या घरांचे वीजमीटर उगाच छातीभर उंच बसवलेत का, सगळ्यांनी उंबरे वाढवलेत का. शेजाऱ्यांना "इथे पाणी येतं का" असं विचारू नका, सगळे नाही म्हणतात, "मागच्या वेळी पाणी कुठवर आलं होतं" असं विचारा, हात करून दाखवतील.

समुद्र चढतोय हेही हिशोबात धरा. १९९३ पासून उपग्रहाने मोजलेली जागतिक वाढ साधारण १० सेंटीमीटर आहे आणि वेग वाढतोय. त्यात जिथे जमीनच खचतेय, जकार्ता किंवा न्यू ऑर्लिन्ससारखी, तिथे फरक कितीतरी पटीने जाणवतो.

५. भूकंप बघताना फॉल्ट (जमिनीतली भेग, जिथे भूकंप होतो) किती लांब, यापेक्षा पायाखाली काय आहे

१९८५ मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ ८ चा भूकंप झाला आणि साडेतीनशे किलोमीटरहून लांब असलेल्या मेक्सिको सिटीत हजारो माणसं गेली, कारण शहराचा तो भाग जुन्या तळ्याच्या गाळावर उभा आहे. गाळ हादरा मोठा करतो आणि लांबवतो. १९८९ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या मरीना भागात असंच झालं, केंद्र जवळपास १०० किलोमीटर लांब, पण तो भाग भरावाचा. त्याच शहरात खडकावरच्या टेकड्यांना तुलनेने फारसं काही झालं नाही.

समुद्रकिनाऱ्यावर हा मुद्दा जास्तच महत्त्वाचा, कारण तिथे सपाट, छान, मोकळी दिसणारी जागा बऱ्याचदा खाडी बुजवून काढलेली असते. ओल्या वाळूत लाटेच्या कडेला उभं राहून पाय जरा हलवले की वाळू पातळ होते आणि पाय आत जातो, भूकंपात पाण्याने भरलेल्या सैल वाळूच्या जमिनीचं अगदी हेच होतं, फक्त वर तुमच्या पायाऐवजी बिल्डिंग असते. यालाच लिक्विफॅक्शन म्हणतात. घर पडतंच असं नाही, ते तिरकं होतं, एका बाजूने खचतं, जमिनीतल्या ड्रेनेजच्या टाक्या आणि पाइप वर येतात. क्राइस्टचर्चला फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात इतकी जमीन अशी खराब झाली की सरकारने सुमारे ८,००० घरांचे भाग राहण्यालायक नाहीत म्हणून रिकामे केले. टोकियोजवळच्या उरायासूत भरावावरची घरं २०११ च्या जपानच्या मोठ्या भूकंपात अशीच कलली, आणि भूकंपाचं केंद्र तिथून शेकडो किलोमीटर लांब होतं.

तर काय करायचं? जुना नकाशा शोधा, पन्नास-शंभर वर्षांपूर्वीचा, आणि तुमच्या प्लॉटच्या जागी तेव्हा पाणी, दलदल, मिठागर किंवा नदीचं जुनं पात्र होतं का ते बघा. बिल्डरकडे माती परीक्षणाचा रिपोर्ट मागा, त्यात भूजल किती खोलीवर आहे आणि कठीण थर किती खाली आहे ते असतं. पाइल फाउंडेशन, म्हणजे जमिनीत खोल रोवलेल्या खांबांचा पाया, त्या कठीण थरापर्यंत नेलंय का विचारा. उत्तर टाळलं तर तेही एक उत्तरच आहे.

६. त्सुनामीचा प्रश्न वेगळा काढा

मोठा भूकंप समुद्राखाली झाला तर लाट यायला किती वेळ लागेल हे फॉल्ट किती जवळ आहे त्यावर आहे. जपानमध्ये २०११ ला बऱ्याच ठिकाणी अर्ध्या तासाच्या आसपास वेळ होता, २०१८ ला इंडोनेशियातल्या पालूत काहीच मिनिटं. म्हणून सायरनची वाट बघायची नाही. हादरा खूप जोराचा असेल किंवा बराच वेळ, २० सेकंदांहून जास्त चालला, किंवा समुद्र अचानक मागे गेला, की चालत निघायचं, गाडी काढायची नाही कारण रस्ता तुंबतो. साधारण ३० मीटर उंची किंवा किनाऱ्यापासून ३ किलोमीटर आत हे लक्ष्य ठेवतात. पहिली लाट सगळ्यात मोठी असेलच असं नाही, तासन् तास लाटा येत राहतात, त्यामुळे सामान आणायला परत खाली यायचं नाही.

सुमात्राजवळचं सिमेलू बेट २००४ च्या भूकंपकेंद्राच्या अगदी जवळ होतं. तिथे १९०७ च्या लाटेची आठवण गाण्यांतून आणि आजी-आजोबांच्या सांगण्यातून टिकून होती, जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे गेला की डोंगराकडे पळायचं. सत्तर-पंचाहत्तर हजारांच्या वस्तीत मृतांचा आकडा एका हाताच्या बोटांपेक्षा थोडाच जास्त होता. तिथे ना सायरन होता ना मोबाइल.

घर निवडताना म्हणून एक काम नक्की करा, दारातून निघून उंच जागेपर्यंत खरंच चालत जा, सोबत घरातल्या सगळ्यात सावकाश चालणाऱ्या माणसाला घ्या, आणि घड्याळ लावा. मध्ये पूल असेल तर तो भूकंपात गेला असं धरून दुसरा रस्ता आहे का बघा. समुद्राला भिंत बांधलीय म्हणून निर्धास्त होऊ नका, जपानमधल्या तारो गावाची भिंत १० मीटर उंच होती, २०११ ला पाणी तिच्यावरून आलं.

७. बिल्डिंग तपासणं

बांधकामाचं वर्ष विचारा आणि त्या देशात भूकंपासाठीचा कोड, म्हणजे बांधकामाची नियमावली, शेवटचा मोठा कधी बदलला ते शोधा. जपानमध्ये १९८१ ही रेघ आहे, १९९५ च्या कोबेच्या भूकंपात तिच्या आधीच्या आणि नंतरच्या बिल्डिंगमधला फरक स्पष्ट दिसला. पण नुसतं वर्ष बघून चालत नाही. तुर्कस्तानात २०२३ ला कोड चांगला असतानाही नव्या बिल्डिंगसुद्धा कोसळल्या, कारण कोड कागदावर होता आणि २०१८ ला अनधिकृत बांधकामं माफीची योजना काढून नियमित करून टाकली होती.

मग पार्किंगमध्ये जाऊन उभे राहा. वरच्या मजल्यांवर सगळीकडे भिंती, आणि खाली तळमजल्यावर गाड्यांसाठी नुसते कॉलम, असं असेल तर भूकंपात सगळा ताण त्या एका मजल्यावर येतो, तो चेपतो आणि वरचे मजले जसेच्या तसे खाली बसतात. २००१ ला भुजचा भूकंप झाला तेव्हा दोनशेहून जास्त किलोमीटर लांब अहमदाबादेत अशा कितीतरी बिल्डिंग पडल्या. खाली पायापासून वर गच्चीपर्यंत सलग गेलेल्या काँक्रीटच्या भिंती आहेत का शोधा, आणि त्या फक्त लिफ्टपाशी एका कोपऱ्यात आहेत की दोन्ही बाजूंना, एकाच कोपऱ्यात असतील तर बिल्डिंग पिळवटते. बीम जाडजूड आणि कॉलम बारीक हे वाईट लक्षण. मागाहून चढवलेला मजला, दुकानासाठी काढून टाकलेली भिंत, हे विचारूनच घ्या.

आता कॉलमच्या जवळ जा. समुद्राची खारी हवा काँक्रीटच्या आत जाऊन सळई गंजवते, गंजलेली सळई फुगते आणि बाहेरचं काँक्रीट फोडते. तांबूस डाग, सळईच्या रेषेत उभी गेलेली भेग, टकटक केल्यावर पोकळ आवाज, कुठे ढलपा निघून सळई उघडी पडलेली, स्लॅबच्या खालून पांढरट क्षार, हे सगळं बघा, आणि वरून नवीन रंग मारलाय का तेही. अशी बिल्डिंग कोडनुसार बांधलेली असली तरी आज तिच्यात तेवढी ताकद उरलेली नसते. फ्लोरिडातल्या सर्फसाइडला जून २०२१ मध्ये १२ मजली इमारतीचा मोठा भाग रात्री कोसळला, ९८ माणसं गेली, ना वादळ होतं ना भूकंप, आणि २०१८ च्या इंजिनिअरच्या रिपोर्टमध्ये काँक्रीटच्या नुकसानीबद्दल लिहिलेलं होतं. सोसायटीचा स्ट्रक्चरल ऑडिट रिपोर्ट मागा, आणि त्यात सांगितलेली दुरुस्ती झाली का त्याची बिलं मागा.

वाऱ्यासाठी बघायचं ते छप्पर. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. चारी बाजूंनी उतार असलेलं छप्पर दोन उतारांच्या छपरापेक्षा चांगलं टिकतं. छप्पर भिंतीला, भिंत पायाला धातूच्या पट्ट्यांनी आणि बोल्टने जोडलेली हवी, नुसत्या खिळ्यांवर नको. खिडक्यांना शटर हवेत किंवा फुटायला अवघड अशी काच, आणि गॅरेजचं मोठं दार मजबूत हवं, कारण एकदा ते दार किंवा खिडकी गेली की वारा आत शिरून छप्पर खालून उचलतो.

दोन्ही धोके असलेल्या ठिकाणी एक अडचण येते, जी फारसं कोणी सांगत नाही. वादळासाठी जे चांगलं ते भूकंपात कधी कधी उलटं पडतं. जड कौलारू छप्पर वाऱ्यात उडत नाही पण भूकंपात तेच वजन घर खाली आणतं, कोबेत जुनी लाकडी घरं अशीच बसली. पुरासाठी खांबांवर उचललेलं घर पाण्यातून वाचतं पण खांबांना तिरके आधार नसतील तर भूकंपात तोच तो मोकळा तळमजला. म्हणून अशा ठिकाणी इंजिनिअरला स्पष्ट विचारायचं, दोन्हींचा हिशोब धरून डिझाइन केलंय का. हलकं पण घट्ट बांधलेलं छप्पर, आणि छपरापासून पायापर्यंत सलग जोडणी, या गोष्टी दोन्हीकडे कामाला येतात.

८. विमा टोकन द्यायच्या आधी, नंतर नाही

पॉलिसीचं कोटेशन घर ठरवायच्या आधी मागवा, कारण कंपनी द्यायलाच तयार नसेल किंवा प्रीमियम अवाच्या सवा असेल तर त्या जागेबद्दल तज्ज्ञांनी तुम्हाला आपलं मत फुकटात सांगितलंय असं समजा. काय कव्हर होतं ते देशागणिक बदलतं. अमेरिकेत साध्या होम पॉलिसीत पूरही नसतो आणि भूकंपही नसतो, दोन्ही वेगळे घ्यावे लागतात, आणि सरकारी पूर विमा घेतल्यावर सहसा ३० दिवसांनी लागू होतो, म्हणजे वादळ निघालं म्हणून घ्यायला गेलात तर उशीर झाला. जपानमध्ये भूकंप विमा आगीच्या विम्याला जोडून मिळतो आणि त्याच्या रकमेच्या ३० ते ५० टक्क्यांपर्यंतच असतो. भारतात प्रमाणित गृह पॉलिसीत भूकंप, वादळ, पूर सगळं धरलेलं असतं, पण लोक विमाच काढत नाहीत.

डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला जो भाग आधी तुम्हालाच भरावा लागतो, तो नीट वाचा. वादळ-भूकंपासाठी तो ठरावीक रकमेऐवजी घराच्या विमा रकमेच्या टक्क्यांत असू शकतो, भूकंपाला १०-१५ टक्के सर्रास. तेवढे पैसे बाजूला काढून ठेवता येणार आहेत का, हा प्रश्न विमा घेताना स्वतःला विचारा. फ्लॅट असेल तर बिल्डिंगचा विमा सोसायटीचा आहे का आणि पुरेसा आहे का तेही.

९. घरात कोण आहे

ऑक्सिजन मशीन, डायलिसिस, फ्रिजमध्ये ठेवायचं इन्सुलिन, व्हीलचेअर, यातलं काही असेल तर वादळापेक्षा नंतरच्या आठवड्यांचा विचार जास्त करा. पोर्तो रिकोत २०१७ च्या मारियानंतर अख्ख्या बेटावर वीज परत यायला जवळपास ११ महिने गेले, आणि जे सुमारे ३,००० मृत्यू धरले जातात त्यातले बहुतेक वादळाच्या दिवशी नाही, नंतर झाले. हॉस्पिटल कुठे आहे आणि ते स्वतः पूररेषेत आहे का बघा. निघायला गाडी आहे का, जायला नातेवाईक आहेत का, कामावरून आयत्या वेळी सुटी मिळेल का? दर सीझनला एक-दोनदा घर सोडून जाणं तुम्हाला झेपणार नसेल तर पूरक्षेत्रातलं घर, कितीही सुंदर असो, माझ्या मते घेऊ नका.

१०. मग ठरवायचं कसं

समजा दोन घरं शॉर्टलिस्ट झालीत. एक समुद्रालगत, दोन मीटर उंचीवर, नवीन, वाऱ्याचे सगळे नियम पाळलेलं. दुसरं ३५ मीटर उंचीवर, खडकावर, पण पन्नास वर्षं जुनी बिल्डिंग, खाली मोकळं पार्किंग. बहुतेक लोक पहिलं घेतील कारण ते नवीन आहे. मी दुसऱ्या घराचा परिसर निवडेन आणि तिथे वेगळी बिल्डिंग शोधेन. कारण बिल्डिंगचा दोष कधी कधी दुरुस्त होतो, पार्किंगमध्ये भिंती आणि ब्रेसिंग, म्हणजे तिरके आधार, घालता येतं, घर पायाला बोल्ट करता येतं, छपराला पट्ट्या मारता येतात, नाहीतर शेजारची चांगली बिल्डिंग घेता येते. दोन मीटर उंचीची जमीन दोनच मीटर राहते आणि समुद्र वर येत राहतो. फक्त उंच जागा म्हणून कड्याच्या टोकावर किंवा कापलेल्या डोंगराच्या पायथ्याशी जाऊ नका, तिथे दरडींचा प्रश्न येतो.

माझा क्रम असा आहे, आधी उंची, मग माती, मग बिल्डिंग, मग बाहेर पडायचा रस्ता, मग विमा, आणि समुद्र दिसतो का हे सगळ्यात शेवटी. पहिल्या दोनपैकी एकही नापास झालं तर बाकीचं बघत बसायचं नाही.

११. राहायला गेल्यावर पहिल्या महिन्यात

कपाटं, बुकशेल्फ, टीव्ही, गीझर भिंतीला पट्ट्यांनी बांधा. पलंगाच्या डोक्यावर जड फ्रेम नको, आणि पलंग मोठ्या काचेच्या खिडकीला लावू नका. पलंगाखाली बूट आणि टॉर्च, कारण भूकंपानंतर अंधारात फुटक्या काचेने पाय कापतात. गॅसचा मेन व्हॉल्व्ह कुठे आणि कसा बंद करायचा हे घरातल्या प्रत्येकाला, मोठ्या मुलांनासुद्धा, माहीत हवं. पाणी माणशी दिवसाला ४ लिटर धरून साठवा, बेट किंवा एकाच रस्त्याचं गाव असेल तर दोन आठवड्यांचं. जनरेटर कधीही घरात, बाल्कनीत किंवा गॅरेजमध्ये चालवू नका, खिडक्यांपासून निदान ६ मीटर लांब ठेवा, वादळ निघून गेल्यावर कार्बन मोनॉक्साइडने माणसं जातात आणि हे दर मोठ्या वादळानंतर होतं. पूर आलेल्या रस्त्यावर गाडी घालू नका, ३० सेंटीमीटर वाहतं पाणी छोटी गाडी ढकलून नेतं.

लांबच्या गावातला एक नातेवाईक संपर्कासाठी ठरवून ठेवा, कॉल लागत नाहीत तेव्हा मेसेज जातो. घरातल्या सामानाचा खोलीवार व्हिडिओ काढून क्लाउडवर टाका, क्लेमला तोच लागतो. आणि दर वर्षी सीझन सुरू व्हायच्या महिनाभर आधी शटर लावून बघा, औषधांच्या तारखा बघा, विम्याची रक्कम आजच्या बांधकाम खर्चाला पुरते का ते तपासा, आणि पूर-त्सुनामीचे नकाशे पुन्हा उघडा, कारण ते बदलतात आणि मागच्या वर्षी रेषेबाहेर असलेलं घर या वर्षी आत आलेलं असू शकतं.